कर्नल तिखोनराव्होव्ह यांचा हट्ट

श्रोतेहो, ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा उपग्रह आकाशात फिरू लागला आणि जगाने तोंडात बोट घातले. आम्ही बोलणार आहोत ते त्या ८३.६ किलोच्या गोळ्याविषयी नव्हे, तर तो सरकारच्या गळी उतरविणाऱ्या लष्करी इंजिनिअराविषयी.

मिखाईल तिखोनराव्होव्ह यांचा जन्म १९०० सालचा. १९२५ साली ते हवाई दलाच्या अकादमीतून बाहेर पडले. पुढे मॉस्कोतील एका तळघरात काही मंडळींनी अग्निबाणांचा खटाटोप मांडला, त्यात ते शिरले. मंडळाच्या आद्याक्षरांचा अर्थ ही मंडळी थट्टेने लावीत : 'फुकट राबणाऱ्या इंजिनिअरांचा गट'! (आम्हा युनियनवाल्यांना हे सोसणे कठीण.) १७ ऑगस्ट १९३३ रोजी त्यांनी आखलेला बाण नाखाबिनो येथे सुमारे ४०० मीटर वर गेला.

खरी कसोटी लागली ती युद्धानंतर. लष्कराच्या क्षेपणास्त्र-संस्थेत काही तरुण हाताशी धरून त्यांनी हिशेब मांडला : एक बाण पुरत नसेल तर अनेकांची मोळी बांधा, इंधन संपेल तो गळून पडेल, उरलेला पुढे जाईल. १९४८ साली तोफखानाशास्त्राच्या अकादमीत हा निबंध वाचावयास अध्यक्ष ब्लागोनराव्होव्ह आधी नाही म्हणाले, मग हो म्हणाले. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांनी हेटाळणी केली. १९५० साली तिखोनराव्होव्ह यांनी उपग्रहाची गोष्ट उघडपणे मांडली, तेव्हा हुद्दा गेला, गट मोडला. साहेबाला नको असलेली सूचना ज्याने एकदा केली आहे, त्याला हे निराळे सांगावयास नको.

परंतु तळघरातले जुने सोबती कोरोलेव्ह यांनी तो हिशेब मनावर घेतला. मोळी मान्य झाली ती चंद्रतारे पाहून नव्हे, हे आम्ही लपविणार नाही. अणुबाँब अमेरिकेपर्यंत नेणारा बाण सरकारला हवा होता. तो तयार होत असतानाच, मे १९५४ मध्ये, कोरोलेव्ह यांनी तिखोनराव्होव्ह यांचे उपग्रहाविषयीचे टिपण वर धाडले. जानेवारी १९५६ मध्ये हुकूम निघाला, तोही टनाहून जड प्रयोगशाळेचा. तिची उपकरणे रखडली. तेव्हा 'अगदी साधा, हलका गोळाच आधी उडवू या' असे सुचविले तिखोनराव्होव्ह यांनीच.

गोळा जगाने पाहिला, माणसे मात्र गुपितात राहिली. खुद्द कोरोलेव्ह यांचे नाव १९६६ साली, ते वारल्यावर लोकांना कळले. तिखोनराव्होव्ह १९७४ साली गेले. फावल्या वेळात ते तैलचित्रे काढीत, भुंगे जमवीत. आणि पक्षी कसे उडतात यावर त्यांनी एक पुस्तकही लिहिले होते.