मधु, मद्य आणि इगतपुरी

नाशिक-इगतपुरीचा मुलूख द्राक्षमद्यासाठीं सर्वतोमुखीं झाल्यास आतां बराच काळ लोटला. अलीकडे मात्र नव्या धर्तीच्या मद्यशाळांमुळें, बेल्जमच्या पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्यें मध घालून केलेल्या पेयाचीही चर्चा ऐकूं येते. कोणी त्यास विलायती खूळ म्हणतात. कोणी म्हणतात, आमच्या पूर्वजांस हें सारें ठाऊकच होतें. आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं इतिहासाकडे पुरतें पाहिलेलें नाहीं.

त्या बिअरचें मूळ बेल्जममधील आहे, ह्यांत शंका नाहीं. ब्राबांत प्रांतांतील होगार्डन ह्या गांवीं मोड न आणलेला गहू, धने व नारिंगाची साल घालून ती करीत. तेथील शेवटची मद्यशाळा १९५७ सालीं बंद पडली. पियेर सेलिस नांवाच्या एका दूधवाल्यानें दहा वर्षांच्या आंत त्या कृतीस पुन्हां जीव दिला.

आतां आपल्याकडे पाहूं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या सुराध्यक्ष-प्रकरणांत पीठ, किण्व आणि मसाले ह्यांपासून ‘प्रसन्ना’ करण्यास सांगितलें आहे. ‘आसवा’त कवठ व काकवी ह्यांबरोबर एक प्रस्थ मध आहे. पण ह्या दोन कृतींत पीठ आणि मध वेगवेगळेच राहिले आहेत. तेव्हां साहित्य ओळखीचें, पेय नव्हे, इतकेंच प्रामाणिकपणें म्हणतां येईल.

ह्याहून विलक्षण गोष्ट अशी, कीं त्याच प्रकरणांत ‘मधु’ म्हणजे द्राक्षरसाचें मद्य! ग्रीक ‘मेथु’ आणि इंग्रजी ‘मीड’ ह्यांचा हा सगोत्र शब्द मधावरून द्राक्षाकडे सरकला. आज हे दोन्ही अर्थ एकाच जिल्ह्यांत भेटतात. इगतपुरी तालुक्यांत कावनईजवळ द्राक्षमद्य होतें; आणि नाशकास मधापासून मद्य करणारी ‘सेराना मीड्स’ निघाली, जिच्या नांवांतच आपल्या सातेरी मधमाशीचें शास्त्रीय नांव आहे.

मद्यपानाचा पुरस्कार करणें हा आमचा हेतु नाहीं. परंतु एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. बिअर आंबतांना मधांतील बहुतेक साखर किण्व खाऊन टाकतें; गोडी जाते, मागें उरतो तो फुलांचा वास. म्हणजे प्याल्यांत शेवटीं राहतें तें रानच. सह्याद्रीचीं रानें उजाड झालीं, तर पेयाच्या नांवांत मध राहील. पेयांत मात्र सांगण्यासारखें कांहीं उरणार नाहीं.