पैनगंगेच्या सरहद्दीवरील नाके आणि स्वयंसेवक (१९४७-४८) : दैनंदिन जीवनाच्या नोंदीचा प्रश्न

प्रस्तावना :
हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा इतिहास प्रामुख्याने सत्याग्रह, सशस्त्र लढा, रझाकारांचे अत्याचार आणि सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाई या घटनांच्या आधारे लिहिला गेला आहे. संस्थानाच्या सीमेवरील नाक्यांचा उल्लेख या लेखनात येतो तो बहुधा ते जाळले गेल्याच्या संदर्भात. नाका जळण्यापूर्वी तेथून रोज ये-जा करणारा सामान्य माणूस मात्र या इतिहासात क्वचितच भेटतो. आजच्या हिंगोली जिल्ह्याच्या सरहद्दीच्या अनुषंगाने या उणिवेचा विचार येथे केला आहे.

सरहद्दीचे स्वरूप :
हिंगोली जिल्ह्याची निर्मिती १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याच्या विभाजनातून झाली. एकोणिसाव्या शतकात हिंगोली येथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. त्यामुळे लष्कराचे अस्तित्व या भागास अपरिचित नव्हते. पैनगंगेपलीकडील वऱ्हाड १८५३ पासून ब्रिटिशांच्या कारभाराखाली होते. १५ ऑगस्ट १९४७ नंतर पलीकडचा मुलूख स्वतंत्र भारतात व अलीकडचा निजामाच्या राज्यात, अशी स्थिती निर्माण झाली. संस्थानाचे हाली नाणे वेगळे, टपाल वेगळे आणि मालावर जकात घेणारे करोडगिरी खातेही वेगळे होते. वाशीम, पुसद, उमरखेड या बाजारपेठा पलीकडे होत्या. भाषा व सोयरिकी मात्र दोन्ही अंगांस सारख्याच होत्या. म्हणून सरहद्द ओलांडणे हा येथील रहिवाशांच्या प्रपंचाचाच भाग होता. हिंगोली-वाशीम मार्गावरील 'कन्हेरगाव नाका' हे ग्रामनाम आजही या सीमेची आठवण जागवते.

सरहद्द शिबिरे व स्वयंसेवक :
स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतात विलीनीकरणासाठी आंदोलन सुरू केले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या अटकेनंतर दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीने लढ्याची सूत्रे सांभाळली. संस्थानाभोवतालच्या भारतीय प्रदेशात शिबिरे उघडण्यात आली. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडचे शिबिर त्यांपैकी एक. शिबिरांतील स्वयंसेवक करोडगिरी नाके उद्ध्वस्त करीत, शिंदीची झाडे तोडीत, लेव्हीच्या धान्यवसुलीस विरोध करीत. वसमत परिसरातील वापटीचे बहिर्जी शिंदे यांनी या लढ्यात प्राणार्पण केले. त्यांचे नाव वसमतच्या महाविद्यालयाने जतन केले आहे.

नाक्यावर चाल करावयाची तर तेथील शिपायांची संख्या, पहाऱ्याच्या वेळा आणि वाटा ठाऊक असणे अपरिहार्य होते. म्हणजे निरीक्षण होतच होते; परंतु त्याचा हेतू हल्ल्यापुरता मर्यादित होता. कोणाची गाडी किती वेळ अडली, कोणाच्या गाठोड्याची झडती झाली, हे टिपून ठेवणे हे त्या स्वयंसेवकाचे कार्य नव्हते. प्राणावर बेतलेल्या लढ्यात तशी अपेक्षा करणेही अन्यायाचे ठरेल.

साक्षीची दुसरी पद्धत :
निरीक्षण हेच कार्य मानणाऱ्या स्वयंसेवकांचे उदाहरण पुढे इस्रायलमध्ये आढळते. दुसऱ्या इंतिफादाच्या काळात, २००१ साली तेथील महिलांनी 'मख्सोम वॉच' ही संघटना स्थापन केली. हिब्रू भाषेत 'मख्सोम' म्हणजे अडथळा किंवा तपासणी नाका. पश्चिम किनाऱ्यावरील कलंदिया, हुवारा यांसारख्या लष्करी नाक्यांवर या महिला पाळीपाळीने उभ्या राहत आणि रांगा, परवाने, रोखून धरलेले पॅलेस्टिनी नागरिक व सैनिकांचे वर्तन यांविषयी अहवाल लिहून ते प्रसिद्ध करीत. या स्त्रिया सत्ताधारी राष्ट्राच्याच नागरिक होत्या, हे विशेष होय. दोन्ही परिस्थिती समान नाहीत. तथापि, रोजची क्षुल्लक वाटणारी अडवणूक नियमित नोंदीमुळे इतिहासाचे साधन बनते, हे यातून स्पष्ट होते.

मराठवाड्यात याच्या अभावाची किंमत मोठी आहे. पोलीस कारवाईनंतर मुस्लिम समाजावर झालेल्या हिंसाचाराच्या चौकशीसाठी पंडित सुंदरलाल यांच्यासह सदिच्छा मंडळ १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरले. त्याने मृतांची संख्या किमान २७ ते ४० हजार असल्याचा अंदाज मांडला. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. घटना घडून गेल्यावर गोळा केलेली साक्ष तत्कालीन नोंदीची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. परिणामी एकीकडे रझाकारांच्या अत्याचारांची, तर दुसरीकडे नंतरच्या सूडाची स्मृती शिल्लक राहते. दोहोंच्या मधला, एकाच नाक्यावर तिष्ठणारा हिंदू व मुस्लिम शेतकरी, व्यापारी, मजूर विस्मृतीत जातो.

निष्कर्ष :
सरहद्द शिबिरांचे शौर्य निर्विवाद आहे. परंतु ते शौर्य कशासाठी आवश्यक ठरले, हे समजण्यासाठी नाक्यावरील सामान्य दिवसाचा इतिहासही हवा. करोडगिरीची दप्तरे, व्यापाऱ्यांच्या वह्या, घराघरांतील पत्रे आणि पैनगंगेच्या दोन्ही काठांवरील सर्व समाजांच्या मौखिक आठवणी ही त्याची साधने होत. त्या काळाचे साक्षीदार आता मोजकेच उरले आहेत. म्हणून या परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे संकलन विनाविलंब हाती घेणे आवश्यक आहे.