खाणावळ : एक उपेक्षित गृहोद्योग

अन्नदानाची थोरवी गाणारे शब्द आपल्या भाषेंत विपुल आहेत. जेवूं घालणारा तो अन्नदाता, घरांत रांधणारी ती अन्नपूर्णा, आणि दारीं आलेला भुकेला तो साक्षात् नारायण. परंतु तेंच ताट ठराविक पैसे घेऊन पुढें ठेवलें कीं वाढणारी स्त्री ‘खाणावळवाली’ होते, आणि तो शब्द उच्चारतांना सुशिक्षित माणसाचाही स्वर किंचित् उतरतो. पुण्यामुंबईच्या अर्वाचीन इतिहासांत गिरण्या, आगगाड्या, विद्यालयें व चळवळी यांचें वर्णन सविस्तर सांपडतें. पण त्या गिरण्यांत राबणारे आणि त्या विद्यालयांत शिकणारे हजारों एकटे पुरुष दोन्ही वेळां जेवत कोठें, व त्यांस रांधून कोण वाढी, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. परक्यास पैसे घेऊन घरांत ठेवणें व जेवूं घालणें या धंद्याचा आपल्या समाजांतील इतिहास थोडक्यांत पाहावा, आणि त्यांत राबणाऱ्या स्त्रीच्या पदरीं काय पडलें याचा हिशेब मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

शास्त्राकडे पाहिलें तर आरंभींच एक अंतर्विरोध आढळतो. परघरीं एक रात्र राहतो तो अतिथि, अशी मनुस्मृतीची व्याख्या आहे. त्याचें राहणें अनित्य, म्हणूनच त्याचा सत्कार हें गृहस्थाचें कर्तव्य. त्याच स्मृतींत, आपत्कालीं वैश्यवृत्ति पत्करणाऱ्या ब्राह्मणानें कोणते पदार्थ विकूं नयेत याची यादी दिली आहे, आणि तींत शिजविलेल्या अन्नाचा स्पष्ट उल्लेख आहे. अन्न द्यावें, विकूं नये, असा हा दंडक. परंतु राज्यकारभार पाहणाऱ्यास केवळ दंडकावर भिस्त ठेवून चालत नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नगराच्या बंदोबस्ताचे जे नियम आहेत, त्यांत धर्मशाळा चालविणाऱ्यांनीं पाखंडी व वाटसरू यांस वर्दी देऊन मगच उतरूं द्यावें, आणि शिजविलेला भात व शिजविलेलें मांस विकणाऱ्यांनीं माहितींतल्या माणसांसच आपल्याकडे ठेवावें, असें सांगितलें आहे. यावरून विकतच्या अन्नाबरोबर बिछान्याचीही सोय त्या काळीं होत असे, आणि राजसत्तेची नजर त्या उतारूंवर असे, हें उघड आहे. शास्त्रानें निषिद्ध मानलेला हा व्यवहार समाजाच्या गरजेनें चालविला. मात्र त्यास प्रतिष्ठा कधींच दिली नाहीं.

महाराष्ट्रांत पुष्कळ काळपर्यंत ही गरज दोन मार्गांनीं भागविली गेली. पहिला मार्ग दानाचा. अहिल्याबाई होळकरांनीं देशांतील तीर्थक्षेत्रीं धर्मशाळा बांधल्या व अन्नछत्रें घातलीं हें सर्वश्रुतच आहे. दुसरा मार्ग क्षेत्रोपाध्यायांचा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर अशा ठिकाणीं यात्रेकरू आपल्या कुळाच्या उपाध्यायाच्या घरीं उतरे. तेथें त्यास ओसरी मिळे, आंघोळीस पाणी मिळे, धर्मकृत्यांची व्यवस्था होई आणि दोन वेळचें पान वाढलें जाई. निघतांना तो यथाशक्ति दक्षिणा ठेवी. दर ठरलेला नसला तरी मोबदला हा होताच. दक्षिणा या नांवानें त्याचें विक्रेय रूप झांकलें जाई, इतकेंच. उपाध्यायाच्या वहींत यात्रेकरूचें गांव, कूळ, बापआजाचें नांव पिढ्यानुपिढ्या नोंदलेलें असे. पहाटे उठून त्या यात्रेकरूंचा स्वयंपाक करणाऱ्या घरच्या सुनांची नोंद मात्र त्या वहींत शोधूं नये. दक्षिणा विधीबद्दल दिली, जेवण हें त्यांत आपोआप आलें, अशीच सर्वांची समजूत होती.

एकोणिसाव्या शतकांत विद्यालयें निघालीं, १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, आणि खेड्यापाड्यांतील मुलें शिक्षणाकरितां शहरीं येऊं लागलीं. गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यांपुढें जुनाच उपाय होता : माधुकरी मागणें किंवा वार लावून जेवणें. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं, याप्रमाणें सात घरें बांधून घ्यावयाचीं. या प्रथेनें कित्येक गुणी मुलांस शिकतां आलें, हें तिचें पुण्य नाकारतां येत नाहीं. पण मिंधेपणाचा घांस गिळणें किती अवघड असतें, हें वारकरी विद्यार्थ्यांसच ठाऊक. यजमानीण रागावली तर तो वार सुटे; घरीं सुतक पडलें तर त्या दिवशीं उपास घडे; शिवाय बाजारहाट करणें, मुलांस शिकविणें अशीं कामें न सांगतां अंगावर येत. आणि ही सोय ज्या जातींच्या वांट्यास आली नव्हती, त्यांच्या मुलांनीं काय करावें, याचें उत्तर त्या प्रथेजवळ नव्हतें.

या पार्श्वभूमीवर महिन्याचे पैसे देऊन जेवण्याची खाणावळ ही केवळ सोय नव्हती. ती एक प्रकारची मोकळीक होती. पैसे मोजणाऱ्यास आमटी पातळ झाली असें म्हणतां येतें. वारानें जेवणाऱ्यास तें म्हणतां येत नव्हतें. पुण्याच्या पेठांतून अशा ज्या घरगुती खाणावळी निघाल्या, त्यांपैकीं कित्येक निराश्रित विधवांनीं चालविलेल्या होत्या. त्या काळच्या विधवेस बहुधा दोनच व्यवसाय खुले असत : परक्याच्या घरीं स्वयंपाकीण म्हणून राहणें, किंवा स्वतःच्या दोन खणांच्या जागेंत चार विद्यार्थी जेवावयास घेणें. १८९६ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं अनाथ बालिकाश्रम काढून शिक्षणाची वाट दाखविली. पण ज्यांना त्या वाटेनें जातां आलें नाहीं, त्यांस चुलीनेंच तारिलें. विद्यार्थ्यांच्या आठवणींत या बायांच्या कोंड्याच्या पोळ्यांची थट्टा बरीच आढळते. त्या पोळ्यांवर स्वतःचीं व पोटच्या पोरांचीं पोटें भरून त्या कोणापुढें हात न पसरतां जगल्या, ही गोष्ट मात्र थट्टेच्या भरांत राहून जाते.

मुंबईचा प्रकार याहून वेगळा व फार मोठा होता. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं कापडगिरणीची कंपनी काढली, आणि १८५६ सालीं ताडदेव येथें ती गिरणी सुरू झाली. पुढील अर्धशतकांत परळ, लालबाग, वरळी हा भाग गिरण्यांनीं भरून गेला. या गिरण्यांस लागणारी माणसें रत्नागिरी, सातारा अशा जिल्ह्यांतून आलीं. परंतु तीं बहुधा एकटीं आलीं. बायकामुलें गांवीं राहिलीं, कारण शेतीचा तुकडा सांभाळावयाचा होता आणि मुंबईच्या पगारांत बिऱ्हाड चालत नव्हतें. १९११ व १९२१ या दोन्ही शिरगणतींत मुंबई शहरांत दर हजार पुरुषांमागें स्त्रियांची संख्या सहाशेंच्याही आंत भरली. एका खोलींत दहादहा, पंधरापंधरा पुरुष राहावयाचे, पाळीपाळीनें निजावयाचे. या माणसांस झोंपावयास गांवकीची खोली मिळाली. पण चूल पेटविणारें कोणी नव्हतें.

ही उणीव ज्या बायकांनीं भरून काढली, त्या बहुतेक गिरणी कामगारांच्याच बायका होत्या. नवऱ्याचा पगार पुरत नसे, किंवा नवरा आजारी पडे, व्यसनी निघे, अथवा निवर्तलेला असे. मग चाळीच्या त्याच एका खोलींत ती दहावीस माणसांची जबाबदारी घेई. तिच्या श्रमाची कल्पना यावी म्हणून साधा हिशेब करूं. वीस माणसें, दोन वेळां, प्रत्येकीं तीन भाकरी, म्हणजे रोज एकशें वीस भाकरी झाल्या. त्याखेरीज कालवण, भात, एखादी उसळ, कधीं सुके बोंबील. सकाळच्या पाळीवाल्याचा डबा उजाडण्यापूर्वीं तयार हवा. दुसऱ्या पाळीवाला मध्यरात्रीं परतला तरी त्याचें ताट झांकून ठेवलेलें हवें. नळाचें पाणी ठराविक वेळींच यावयाचें, रॉकेलसाठीं रांगेंत उभें राहावयाचें, आणि घरचीं मुलें त्याच धुरांत वाढावयाचीं. सुटीचा वार तिच्या पंचांगांत नव्हता.

परंतु नुसते कष्ट पाहून तिचें महत्त्व पुरतें कळणार नाहीं. तिच्या व्यवहाराची रीत पाहिली पाहिजे. कामगार महिनाभर जेवे आणि पगार झाल्यावर पैसे देई. म्हणजे ती प्रत्येक जेवणाऱ्यास महिन्याचें अन्न उधार देत असे. हें भांडवल तिच्याजवळ कोठून असणार? ती वाण्याकडून उधार आणी, आणि वाण्याचा तगादा लागला कीं अंगावरचा डाग गहाण टाकून सावकाराकडे जाई. खाडे किती झाले यावरून तंटे होत. एखादा पैसे बुडवून गांवीं पळून जाई. १९२८ सालीं मुंबईंतील गिरण्यांचा संप सुमारें सहा महिने चालला. त्या संपाच्या इतिहासांत पुढाऱ्यांचीं नांवें येतात, वाटाघाटींच्या तारखा येतात. परंतु पगार बंद असतांना कामगार टिकून राहिला, त्यांत खाणावळीच्या उधारीचा वांटा किती होता, याची मोजदाद कोणी ठेवली नाहीं.

पैशानें मिंधेपण गेलें असें आम्हीं वर म्हटलें; पण पैशानें सर्वच दारें उघडलीं असें मात्र झालें नाहीं. खाणावळी जातवार होत्या, प्रांतवार होत्या. १९१७ सालीं परदेशांतून उच्च शिक्षण घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदें संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले, तेव्हां त्यांस राहण्यास जागा मिळेना. अखेर एका पारशी विश्रामगृहांत त्यांनीं पारशी नांव धारण करून आश्रय घेतला. पण अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेल्या जमावानें येऊन त्यांस तेथून निघावयास भाग पाडलें. राहण्याजेवण्याचे पैसे ते देतच होते. ज्या समाजानें अतिथीस देव म्हटलें, त्या समाजांत रोख पैसे देऊनही एका विद्वानास छप्पर मिळूं नये, हा प्रसंग या धंद्याच्या कोणत्याही इतिहासांत गाळतां येणार नाहीं. दानांत जात पाहिली जात होती. विक्रींतही ती पाहिली गेली.

खाणावळवालीच्या स्थितींत पहिला खरा पालट १९७५ सालीं झाला. गोवामुक्तीच्या लढ्यांत भाग घेतलेल्या व पुढें मुंबईच्या कामगार चळवळींत वावरलेल्या प्रेमा पुरव यांनीं गिरणगांवांतील खाणावळवाल्या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संस्था उभी केली. १९६९ सालीं मोठ्या बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें होतें, आणि दुर्बळांस कर्ज देण्याचें धोरण ठरलें होतें. परंतु बँकेपुढें तारण काय ठेवावयाचें? या बायकांजवळ ना जमीन, ना दुकानाचा परवाना. त्यांनीं गट केले आणि एकमेकींस जामीन राहिल्या. कर्ज मिळालें, सावकाराचा फास सैल झाला, आणि कर्जाचे हप्तेही फेडले गेले. आमच्या मतें कर्जाच्या रकमेपेक्षां दुसरी गोष्ट अधिक मोलाची होती. रोज शेंसव्वाशें भाकरी थापणाऱ्या बाईचें नांव प्रथमच एका खातेवहींत धंदा करणारी म्हणून लिहिलें गेलें. पुढें १८ जानेवारी १९८२ पासून सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला; जेवणारे गांवीं परतले, उधारी बुडाली आणि हळूहळू गिरण्याच बंद पडल्या. तेव्हां संघटित झालेल्या बायकांस निदान एकमेकींचा आधार तरी होता. एकट्या पडलेल्या खाणावळवालीस तोही नव्हता.

आज या इतिहासाचें चाक उलट फिरलेलें दिसतें. ज्या कोंकणांतून माणसें मुंबईस येऊन खाणावळींत जेवलीं, त्याच कोंकणांत आतां मुंबईचीं माणसें पाहुणीं म्हणून जातात. १९९७ सालीं सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरती धांवूं लागली, आणि समुद्रकांठच्या घरांवर ‘राहण्याची व जेवणाची घरगुती सोय’ अशा पाट्या झळकल्या. शासनाचीही ‘निवास व न्याहारी’ नांवाची योजना आहे. घरधन्यानें स्वतः त्याच घरांत राहावें आणि कांहीं खोल्या पाहुण्यांस द्याव्या, असें तिचें स्वरूप. घांवणे, आंबोळ्या, सोलकढी, उकडीचे मोदक यांची कीर्ति सर्वत्र पसरली आहे. पाहुणा वाखाणतो तें घरच्या चवीला. आणि ती चव ज्या हातांची, ते हात पहाटे पांचाला पीठ दळून ठेवतात आणि रात्रीं शेवटचीं भांडीं घासून मगच विसांवतात. पण घर बहुधा पुरुषाच्या नांवावर असतें. म्हणून परवाना त्याचा, खातें त्याचें आणि व्यवसायही त्याचाच समजला जातो. महाराष्ट्र शासनानें २०२३ सालीं ‘आई’ या नांवाचें महिलाकेंद्रित पर्यटन धोरण जाहीर करून, स्त्रीच्या मालकीच्या व्यवसायास कर्जावरील व्याजाचा परतावा देऊं केला, तो याच उणिवेवर उपाय म्हणून. तो उपाय किती ठिकाणीं खरा ठरेल आणि किती ठिकाणीं केवळ कागदोपत्रीं बायकोचें नांव लावून उरकला जाईल, हें प्रत्येक घराच्या नीतीवर अवलंबून राहील.

आतिथ्य विकावयास काढल्यानें त्यांतील जिव्हाळा नाहींसा होतो, असा आक्षेप पुष्कळांकडून ऐकूं येतो. आम्हांस तो पटत नाहीं. पूर्वीं जें आतिथ्य फुकट वाटे, त्याचीही किंमत कोणीतरी देतच होतें. धर्मकृत्याचें पुण्य यजमानास मिळे आणि कष्ट गृहिणीचे होत. पैसे घेतल्यानें ती किंमत निदान डोळ्यांस दिसूं लागली. राहिला प्रश्न ती कोणाच्या हातीं पडते याचा. उपाध्यायाच्या वहींत जें नांव कधीं लिहिलें गेलें नाहीं, तें आजच्या परवान्यावर व बँकेच्या पुस्तकावर लिहिलें जावें, एवढीच मागणी या दीर्घ इतिहासांतून निघते. ती मान्य करण्यास धर्मशास्त्र आड येत नाहीं, कायदाही येत नाहीं. आड येते ती आपली संवय.