विद्यापीठातील इंग्रजी आणि उच्चाराचा प्रश्न

१८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. प्रारंभी ती स्वतः अध्यापन करीत नसत. संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेऊन पदव्या देत. साहजिकच लेखी उत्तरपत्रिकेचे पारडे जड झाले आणि इंग्रजी भाषा कानांपेक्षा डोळ्यांनीच अधिक शिकली गेली. शेक्सपिअरवर सुंदर निबंध लिहिणाऱ्या पदवीधराचे बोलणे परक्या श्रोत्याला उमजेलच, अशी खात्री देता येत नसे.

मराठी विद्यार्थ्याची अडचण दुहेरी आहे. 'चमचा' आणि 'चहा' यांतील 'च' निराळा, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण असे अपवाद सोडले तर लिहावे तसे वाचावे, ही त्याची सवय. इंग्रजी लेखन या सवयीला पदोपदी दगा देते. शिवाय द्राक्षवेल आणि द्राक्षमद्य यांच्या इंग्रजी नावांत आरंभीच्या व्यंजनाचाच भेद आहे. दोन्हीकडे आपला 'व' वापरला की वेल आणि मद्य एकच होऊन बसतात.

त्याहून अवघड गोष्ट आघाताची. 'फोटोग्राफ' शब्दात जोर पहिल्या अवयवावर, तर 'फोटोग्राफर' शब्दात दुसऱ्यावर पडतो. मराठीत आघाताने शब्दाचे रूप असे पालटत नाही; म्हणून ही चूक बोलणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

१९५८ साली हैदराबाद येथे सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश ही संस्था निघाली आणि या प्रश्नाच्या शास्त्रीय अभ्यासाला बळ मिळाले. १९६९ साली तेथून डॉ. आर. के. बन्सल यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. सुशिक्षित भारतीयांचे इंग्रजी परदेशी श्रोत्यांना सरासरीने सुमारे ७० टक्केच कळते, असे त्यांना आढळले. आणि शब्दांवरील चुकीचा आघात हे त्याचे एक प्रमुख कारण ठरले.

या शोधाचा अर्थ प्रत्येकाने लंडनवासीयाची नक्कल करावी, असा मात्र नव्हे. १९७२ साली बन्सल व हॅरिसन यांनी भारतीयांसाठी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात सुशिक्षित भारतीयाच्या उच्चारपद्धतीलाही स्थान दिले. बोलण्यावर मातृभाषेची छटा राहिली तरी बिघडत नाही. परंतु तोंडी परीक्षेत वा दूरध्वनीवर दहातले तीन शब्द हरवले, तर वर्षानुवर्षे मिळविलेली विद्या ऐकणाऱ्यापर्यंत पोचतच नाही.