नऊ एकर आणि तीन भावंडं

आजच्या भागाची सुरुवात एका गणिताने करूया. कागद-पेन्सिल लागणार नाही, तोंडी जमेल.

एक शेतकरी आहे. एकत्र कुटुंब, वडिलोपार्जित ९ एकर जमीन. दोन मुलगे, एक मुलगी. हिशोब सोपा राहावा म्हणून धरू की बायको आधीच वारली आहे. मृत्युपत्र न करता हा शेतकरी गेला. मुलीच्या वाट्याला किती जमीन येईल?

उत्तर एकच नाही. वडील कोणत्या साली गेले यावर ते अवलंबून आहे. १९५० साली गेले असते तर शून्य. १९६० साली गेले असते तर १ एकर. आज गेले तर ३ एकर. शून्यापासून तीनपर्यंतचा हा प्रवास कसा झाला, कुठे कुठे अडला, आणि तो खरंच संपलाय का, हे आज बघूया.

शून्य

आपल्याकडच्या वारसाहक्काची मुळं ‘मिताक्षरा’ या ग्रंथात आहेत. याज्ञवल्क्य स्मृतीवरची ही टीका विज्ञानेश्वराने लिहिली, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात, म्हणजे साधारण नऊशे वर्षांपूर्वी. इंग्रजांच्या कोर्टांनी पुढे याच ग्रंथाला प्रमाण मानलं. त्यातला मुख्य मुद्दा असा की, मुलगा जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीत भागीदार होतो. कायद्याच्या भाषेत ‘सहदायक’. मुलगी होत नाही. तिला सांभाळायचं, तिचं लग्न लावून द्यायचं, ही कुटुंबाची जबाबदारी.

आता जबाबदारी वेगळी आणि हक्क वेगळा. जबाबदारी दुसऱ्याच्या मर्जीवर पार पडते. हक्क मागून घेता येतो. आजची सगळी गोष्ट या फरकाची आहे.

पहिली फट पडली १९३७ साली. मुंबईचे शल्यविशारद आणि केंद्रीय कायदेमंडळाचे सदस्य डॉ. गो. वि. देशमुख यांनी स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचं विधेयक मांडलं. मूळ मसुद्यात मुलगीही होती. कायदा होईपर्यंत ती गळाली. उरली फक्त विधवा. तिला नवऱ्याचा हिस्सा मिळाला, पण हयातीपुरता. तिने वापरायचा, मनासारखा विकायचा नाही. त्यात १९४१ साली फेडरल कोर्टाने सांगितलं की हा कायदा शेतजमिनीला लागूच होत नाही, तो प्रांतांचा विषय आहे. म्हणजे ज्या देशात संपत्ती म्हणजे शेती, तिथे शेती सोडून बाकीचा हक्क!

पण बघा, विधवेला मिळालं आणि मुलीला नाही, हे का झालं असेल? विधवेची दया येते. तिला काहीतरी द्यावं असं सनातनी माणसालाही वाटतं. मुलगी मात्र दयेवर मागत नव्हती. ती भावाच्या बरोबरीने मागत होती.

एक एकर

यानंतर बी. एन. राव समिती आली. तिच्यावर पुण्याच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य ज. र. घारपुरे होते, धर्मशास्त्राचे मोठे अभ्यासक. समितीने देशभर फिरून साक्षी घेतल्या आणि मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा सुचवला. पुढे कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रवर समितीने तो निम्म्याचा पूर्ण केला. हेच ते हिंदू कोड बिल.

विरोध प्रचंड झाला. मुलीला वाटा दिला तर जमिनीचे तुकडे पडतील, जावई घरात घुसेल, भाऊ-बहिणीचं नातं तुटेल, असे मुद्दे होते. गंमत म्हणजे चार भावांत वाटणी झाली की तुकडे पडतातच, पण तेव्हा त्याची चिंता कुणाला वाटत नव्हती. बिल रखडत गेलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये आंबेडकरांनी राजीनामा दिला. बिल रखडणं हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

पहिल्या निवडणुकीनंतर नेहरू सरकारने त्याच बिलाचे तुकडे करून वेगवेगळे कायदे केले. त्यातला हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला. विधवेची ‘हयातीपुरती’ अट गेली, मालकी पूर्ण झाली. हे मोठंच पाऊल. मुलीलाही वडिलांच्या हिश्श्यात भावाइतका वाटा मिळाला.

मग १ एकरच का? कारण सहदायकी तशीच राहिली. आधी ९ एकरांचे तीन भाग: वडील ३, दोन्ही मुलगे ३-३. मग फक्त वडिलांच्या ३ एकरांचे तीन भाग. म्हणून प्रत्येक भावाला ४ आणि बहिणीला १. शिवाय राहत्या घराची वाटणी भाऊ करतील तेव्हाच, बहिणीला ती मागता येणार नाही, असंही कलम होतं.

जून १९९४

यानंतर दिल्लीत बरीच वर्षं हालचाल नव्हती. हालचाल झाली ती राज्यांत. आंध्र प्रदेशने १९८० च्या दशकात मुलीला सहदायक केलं, १९८९ मध्ये तमिळनाडूने. आपल्याकडे १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं शेतकरी महिलांचं विराट अधिवेशन झालं. पुढे शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली: बायकोच्या नावावर थोडी तरी जमीन करा. गावोगावच्या पुरुषांनी ती केली, कायद्याची सक्ती नसताना. हेही आपल्याच समाजातलं, विसरू नका.

२२ जून १९९४ ला महाराष्ट्राने मुलीला जन्मतः सहदायक मानलं. पण एक अट होती. त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना हा हक्क नाही. म्हणजे एकाच आईच्या दोन लेकी. थोरलीचं लग्न मे महिन्यात उरकलं, धाकटीचं डिसेंबरात. धाकटी भागीदार, थोरली पाहुणी.

टप्प्याटप्प्याने होणाऱ्या सुधारणेचं आपण कौतुक करतो, आणि करावंच. पण प्रत्येक टप्प्याला एक कड असते, आणि त्या कडेच्या पलीकडे कुणीतरी उभं असतं. त्या थोरलीला ११ वर्षं थांबावं लागलं.

तीन एकर

९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती लागू झाली. लग्न झालेली असो वा नसो, मुलगी जन्मतः सहदायक. राहत्या घराचं कलम रद्द, शेतजमिनीची सूट रद्द. तरी वाद उरला: त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का? सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत मतभेद होते. ११ ऑगस्ट २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मिटवले. हक्क जन्माने आहे, वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या कायम.

आता गणित सरळ झालं: ३, ३, ३.

दोन गोष्टी जाता जाता. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे मुलीला समान वाटा कितीतरी आधीपासून आहे. आणि अनुसूचित जमातींना हा १९५६ चा कायदा लागूच नाही, त्यामुळे आदिवासी बहिणींचं गणित अजून वेगळंच आहे.

आणि हक्कसोड

मग प्रवास संपला? २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहिवाटदार शेतकऱ्यांमध्ये बायका होत्या सुमारे १४ टक्के. शेतात राबणाऱ्या बायका किती, ते तुम्हीच आठवा.

कारण कायदा जिथे संपतो तिथून घर सुरू होतं. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद होते, त्यात बहिणीचं नाव लागतं. मग काही महिन्यांनी एक कागद येतो, हक्कसोडपत्र. तो नोंदवायचा असतो, म्हणून बहिणीला गाडी पाठवून बोलावतात. जेवण होतं, साडीचोळी होते, सही होते. धाकदपटशा दरवेळी नसतोच. ‘माहेर तुटेल’ ही भीती पुरते. दुखण्याखुपण्याला, सासरी काही बिनसलं तर, उभं राहायला तेवढं एकच दार असतं. ३ एकरांची किंमत देऊन ती ते दार उघडं ठेवते.

पण ज्या बहिणीच्या नावावर ३ एकर आहेत, तिला सासरी काही बिनसलं तर कुणाचं दार ठोठवायची गरज कमी पडते. आणि १९५१ मध्ये म्हणत होते ना, वाट्याने नातं तुटेल? जे नातं फक्त सहीवर टिकतं, ते किती टिकाऊ, याचा विचार भावांनी करायचा.

हक्कसोड करणं बेकायदा नाही. बहिणीने समजून-उमजून, राजीखुशीने सोडलं तर तो तिचा निर्णय. फक्त तो कागद आधी तिच्या हातात द्या, दोन दिवस द्या, बाहेरच्या कुणाकडून वाचून घेऊ द्या. एकदा नोंदला की तो फिरवणं फार अवघड असतं. आणि भाऊ ऐकत असतील तर त्यांच्यासाठी एक सोपा उपाय: तो कागद करायलाच घेऊ नका.

शून्यापासून तीनपर्यंत यायला डॉ. देशमुखांच्या विधेयकापासून मोजलं तर जवळजवळ सत्तर वर्षं लागली. उरलेलं अंतर संसदेत कापायचं नाही. ते आपल्या ओसरीवरचं आहे.

आजचा भाग इथेच थांबवूया. घरातल्या बहिणींना, लेकींना जरूर ऐकवा. भावांना तर आधी.