निष्कलंक साखर

साखर जितकी गोड, तितकाच तिचा इतिहास कडू आहे, हें इतिहासाच्या वाचकांस सांगावयास नको. वेस्ट इंडीज बेटांतील उसाचे मळे आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर उभारले गेले, आणि युरोप-अमेरिकेंतील चहाच्या पेल्यांत ती साखर दोन शतकें विरघळत राहिली. या पापाचा वाटा आपल्याकडे येऊं नये म्हणून कांहीं सज्जनांनीं एके काळीं एका रानटी झाडाकडे मोठ्या आशेनें पाहिलें. त्या झाडाचें नांव मेपल.

अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हर्मांट संस्थानांत आणि त्यास लागून असलेल्या कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत हीं झाडें विपुल आहेत. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास, रात्रीं पाणी गोठावें व दिवसा उन्हानें तें वितळावें अशी हवा असते, तेव्हां त्यांच्या खोडांतून गोडसर रस वाहूं लागतो. हा हंगाम अवघा चार-सहा आठवड्यांचा. गिरमिटानें खोडास भोंक पाडून त्यांत तोटी ठोकावयाची, तोटीस बादली टांगावयाची, आणि घोड्यांच्या किंवा बैलांच्या घसरगाडीवरून तो रस रानांतल्या भट्टीघरांत आणावयाचा, अशी जुनी रीत होती. तें एक प्रकारचें गुऱ्हाळच म्हणाना! मात्र या रसांत साखर शेंकडा दोनच्या आसपास असते. त्यामुळें चाळीस गॅलन रस आटवावा, तेव्हां कोठें एक गॅलन काकवी पदरांत पडते.

रस फार वेळ ठेवला तर नासतो. म्हणून तो वाहूं लागला कीं घरांतील कोणासच स्वस्थता नसे. बाप भट्टींत लांकडें सारी, मुलें बादल्या रिकाम्या करीत, आणि आई पळीवरून ओघळणारी धार पाहून पाक झाला कीं नाहीं तें ठरवी. उतूं जाणाऱ्या फेंसावर किंचित् साय टाकली कीं तो खालीं बसे. ऊन पाक स्वच्छ बर्फावर ओतला म्हणजे त्याची चिवट मिठाई होई. तीच मुलांची मजुरी. पुढें झाडांच्या कळ्या फुगल्या कीं रसाची चव बिघडे आणि भट्टी विझे. नांगरणीपूर्वींच्या त्या निकडीच्या दिवसांत या साखरेनें शेतकऱ्याच्या हातीं चार पैसे येत.

ही विद्या मूळची गोऱ्या वसाहतवाल्यांची नव्हे. अबेनाकी, ओजिब्वे इत्यादि मूळ रहिवासी झाडाच्या सालीस चीर देऊन, भूर्जाच्या सालीच्या पात्रांत रस धरून, ही साखर पूर्वींपासून करीत. गोऱ्यांनीं आपल्या धातूच्या कढया आणल्या, विद्या घेतली, आणि कालांतरानें बहुतेक रानेंही घेतलीं. निष्कलंक म्हणून गाजलेल्या साखरेचा हा पहिला कलंक विसरतां येत नाहीं.

१७९१ सालीं फिलाडेल्फियाचे प्रसिद्ध वैद्य बेंजामिन रश यांनीं टॉमस जेफर्सन यांस उद्देशून या वृक्षावर एक विस्तृत निबंध लिहिला. घरच्या माणसांच्या श्रमांनीं होणारी ही साखर पसरली, तर गुलामांच्या साखरेची गरज उरणार नाहीं, अशी त्यांची उमेद होती. त्याच सुमारास इंग्लंडांतही हजारों कुटुंबांनीं वेस्ट इंडीजची साखर वर्ज्य केली. तिच्याऐवजीं हिंदुस्थानची साखर घ्यावी, असेंही तेथें प्रतिपादन होऊं लागलें. न्यूयॉर्क संस्थानांतील जमीनदार विल्यम कूपर यांनीं मेपलच्या साखरेचा धंदा व्यापारी प्रमाणावर उभारण्याची खटपट केली. जेफर्सन यांनीं व्हर्जिनियांतील आपल्या जमिनींत हीं झाडें लावविलीं. गुलामगिरीस पर्याय शोधणारे हे गृहस्थ स्वतः शेंकडों गुलामांचे धनी होते, ही विसंगति त्या काळाचीच म्हणावी लागेल.

दोन्ही खटपटी फसल्या. कारण उघड आहे. ऊस वर्षा-दीड वर्षांत तयार होतो. मेपलचें झाड भोंक पाडण्याजोगें होण्यास सुमारें चाळीस वर्षें लागतात. त्याचा रस धन्याच्या हुकुमानें वाहत नाहीं, थंडी-उन्हाच्या लहरीनें वाहतो. व्हर्जिनियाच्या हवेंत तर साखरेचा मळा उभाच राहिला नाहीं. अमेरिकेंतील गुलामगिरी अखेर मेपलनें नव्हे, तर अंतर्गत युद्धाच्या रक्तपातानंतर १८६५ मध्यें कायद्यानें नष्ट झाली. पुढें उसाची पांढरी साखर स्वस्त झाली, आणि मेपलचा रस साखरेऐवजीं काकवीच्या रूपानेंच मुख्यत्वें विकला जाऊं लागला.

तथापि ज्या गुणांमुळें हें झाड मळेवाल्यांच्या उपयोगी पडलें नाहीं, त्याच गुणांमुळें तें कुटुंबांच्या हातीं टिकलें. आजा झाड राखतो तेव्हां नातवाला रस मिळतो. आतां बादल्यांच्या जागीं प्लास्टिकच्या नळ्या व यंत्रें आलीं आहेत, आणि जगांतील बहुतांश मेपलची काकवी एकट्या क्वेबेकांत होते. पण आजही पुष्कळ रानें पिढीजात घराण्यांकडेच आहेत.

रश यांचा हिशेब चुकला, प्रश्न मात्र चुकला नव्हता. आपल्या पेल्यांतील गोडी कोणाच्या श्रमांची आहे, आणि त्या श्रमांचें मोल त्यास मिळालें कीं नाहीं, हें विचारण्याची जबाबदारी कोणत्याही झाडावर टाकतां येत नाहीं. ती पेला हातीं धरणारावरच राहते.