आपल्या मागचा ओढा आणि शेजारची संस्था

रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असा चिटणीसांचा आग्रह झाला. इमारतीचा इतिहास इतिवृत्तात आहेच. मी लिहिणार आहे आपल्या मागच्या आंबील ओढ्याबद्दल.

हा ओढा कात्रजच्या डोंगरातून येतो. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधले आणि तिथलं पाणी जमिनीखालच्या नळातून शहरातल्या हौदांपर्यंत नेलं. पुणं एकेकाळी या पाण्यावर जगलं. आपण मात्र त्याला 'नाला' म्हणायला लागलो.

त्याला ओढा म्हणणारे शेजारीच होते. भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था इथे १९९३ पासून आहे, म्हणजे आपल्या आधीपासून. डॉ. एरच भरुचा हे पेशाने सर्जन, पण ही संस्था त्यांनी उभी केली. पर्यावरण हा विषय सर्वांना सक्तीने शिकवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं होतं. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी अभ्यासक्रमासाठी जे पुस्तक काढलं, ते भरुचांनीच लिहिलं. त्यात नुसता धडा नाही. आपल्या भागातली नदी, टेकडी, तलाव प्रत्यक्ष जाऊन बघा, असं क्षेत्रभेटीचं कामही आहे.

त्याच कामासाठी आपल्याकडची एक मुलगी वही घेऊन ओढ्याकाठी हिंडायची. त्या वर्षी मागच्या मोकळ्या जागेत पार्किंगसाठी काँक्रीट करायचा ठराव वार्षिक सभेत आला. ती उठून म्हणाली, "काका, मग पाणी मुरणार कुठे?" सगळे हसले. मी तेव्हा खजिनदार. "बाळ, आधी परीक्षा दे," असं म्हणून मी ठराव पुढे नेला. आयुष्यभर बँकेत जमा-खर्च बघितला, पण पाण्याचा हिशेब मला कळला नाही.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याला पूर आला. पुण्यात माणसं गेली. आपल्या गाड्या बुडाल्या, तळमजल्यावरची चार कुटुंबं वरच्या मजल्यांवर रात्रभर जागली. काँक्रीट नसतं तर पूर आला नसता, असं मी म्हणत नाही. पण आपण पाण्याची जागा अडवली होती, हे खरं.

पुढच्या सभेत निम्मं काँक्रीट काढायचा ठराव मी स्वतः मांडला. आज तिथे माती आहे, करंज आणि कडुनिंब आहेत. ती मुलगी आता परगावी असते. हा अंक तिच्याकडे जाईलच. बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता.